पेटीत काय ठेवावं : एसएलआरच्या सुट्या भागांविषयी

एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, भरलेल्या मॅगझिनसकट पाच किलोच्या आसपास भरते. पोलादाची भरीव बॉडी, जाड नळी, लाकडी दस्ता. हातात घेतल्यावर ही वस्तू दगा देईल असं कुणाच्या मनातही येत नाही. मोडत ती सहसा नाही, बंद मात्र पडते. आणि तीही बोटाच्या पेरात मावणाऱ्या एखाद्या स्प्रिंगपायी, टोक खाल्लेल्या पिनपायी किंवा मॅगझिनच्या कडेला आलेल्या पोच्यापायी. हे पुस्तक अशा लहान वस्तूंविषयी आहे. कोणत्या जवळ ठेवायच्या, किती ठेवायच्या आणि कितीही मोह झाला तरी कोणत्या ठेवायच्या नाहीत, एवढाच त्याचा विषय.

वाचक कोण, ते आधी सांगतो. जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात, राखीव दलाच्या कंपनीत किंवा एखाद्या दूरच्या चौकीवर कोत, म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली, सांभाळणारा जो हवालदार किंवा आर्मोरर असतो, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. या कामातली पुस्तकं इंग्रजीत, वर्गातले धडे हिंदीत आणि दुरुस्तीच्या टेबलावरचं बोलणं मराठीत, असा आमचा तिरपागडा संसार. 'खोलना-जोडना' सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण पेटी उघडून 'यातलं काय कमी आहे?' असं विचारलं की उत्तरं गडबडू लागतात, कारण तो धडा वर्गात नसतो.

ही घरी ठेवायची चीज नाही, हेही स्पष्ट असू द्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात, आणि लष्करी ७.६२ मिमी काडतूस चालवणारी रायफल नेहमीच्या परवान्यावर मिळत नाही. म्हणजे या पुस्तकातली एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंगसुद्धा रजिस्टरात नोंदलेली, सहीने दिलेली आणि सहीने परत घेतलेली वस्तू आहे. अमेरिकेत नागरिकाला एआर-१५ चे भाग दुकानातून घेता येतात, म्हणून तिथे या विषयावर हौशी मंडळींनी भरपूर लिहिलं आहे. ते जरूर वाचावं, पण तिथली यादी उचलून इथे लावू नये. एआर-१५ मध्ये गॅस नळीतून थेट बोल्ट कॅरियरमध्ये येतो, त्यामुळे बोल्टवरच्या तीन गॅस रिंगा झिजतात आणि तिथल्या प्रत्येक यादीत त्या असतात. एसएलआरमध्ये गॅस वरच्या वर पिस्टनला ढकलून मोकळा होतो. तिला अशा रिंगाच नाहीत.

रायफलीची कूळकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण सुट्या भागांचा निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो. बेल्जियममधल्या हर्स्टालच्या एफएन कारखान्यात द्योदोने सेव्ह या रचनाकाराने फाल ही रायफल घडवली. १९५० च्या दशकापासून ती देशोदेशी गेली आणि जाता जाता तिच्या मापांची दोन घराणी झाली : बेल्जियमचं मेट्रिक आणि ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचं इंची. १९६२ मध्ये आपले जवान चीनपुढे उभे होते ते प्रामुख्याने बोल्ट ओढायची थ्री-नॉट-थ्री घेऊन. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेत परदेशी नमुने तपासून भारतीय आराखडा झाला आणि बंगालात हुगळीकाठच्या ईशापूर रायफल कारखान्यातून '१ए१', म्हणजेच आपली एसएलआर, बाहेर पडू लागली. एसएलआर सर्वांना पुरेपर्यंतची सोय म्हणून त्याच कारखान्याने थ्री-नॉट-थ्रीची ठेवण कायम ठेवून ७.६२ चं काडतूस चालवणारी '२ए' काढली, तीही अजून काही शस्त्रागारांत दिसते. १९७१ ची लढाई पायदळ एसएलआर घेऊन लढलं. १९९० च्या दशकात इन्सास आली, तशा एसएलआर लष्करातून निमलष्करी दलांकडे आणि राज्यांच्या पोलिसांकडे सरकल्या. म्हणजे आज जी तुमच्या कोतमध्ये उभी आहे ती बहुधा तुमच्याहून वयाने मोठी आहे, आणि तिच्या आयुष्यात किती राऊंड झाले याची पहिली वही कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही.

दोन घराण्यांचा गोंधळ कसा, तर १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांच्या हातात इंची रायफल होती आणि अर्जेंटिनाच्या हातात मेट्रिक. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही एकच. पण मेट्रिक मॅगझिन इंची रायफलीत थोडं खुळखुळत का होईना बसतं, इंची मॅगझिन मेट्रिक रायफलीत बसतच नाही, कारण त्याची पुढची कडी मोठी असते. आपली १ए१ दिसायला इंची घराण्यातली, पण हुबेहूब नक्कल कुणाचीच नाही. दस्त्यामागची पट्टी तर थ्री-नॉट-थ्रीची उचललेली आहे, आत तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवायच्या कप्प्यासकट. म्हणून भाग घेताना त्याचं नाव वाचून समाधान मानू नये. 'एक्स्ट्रॅक्टर, फालचा' एवढ्यावर इंडेंट पाठवला तर जे येईल ते येईल. स्टोअरचा भाग क्रमांक लिहावा, आणि आलेली वस्तू पेटीत टाकण्याआधी एकदा रायफलीत बसवून पाहावी.

मुळात 'सुटा भाग' ही कल्पनाच फार जुनी नाही. ठासणीच्या बंदुकीला स्पेअर पार्ट नव्हता, लोहार होता. कमान तुटली की त्या बंदुकीपुरती नवी कमान घडवायची, ती दुसऱ्या बंदुकीत बसेलच याची हमी नाही. १७९० मध्ये पॅरिसला ओनोरे ब्लांक नावाच्या बंदूककाराने विद्वानांच्या समितीपुढे ढिगाऱ्यातून हाती येतील ते तुकडे उचलून बंदुकीची कळ जुळवून दाखवली, तेव्हा तो करामतीचा प्रकार वाटला होता. आज आपण ते गृहीत धरतो आणि तिथेच फसतो. एसएलआरचे बहुतेक भाग एका रायफलीतून दुसरीत जातात. मोजके जात नाहीत, आणि ते कोणते हे न कळता पेटी भरणं धोक्याचं आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी रायफल चालते कशी ते डोळ्यांपुढे आणू. चाप ओढला की हॅमर फायरिंग पिनवर आदळतो, पिन काडतुसाच्या बुडातल्या कॅपवर. चेंबरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन हजार किलोच्या आसपास दाब उठतो. गोळी पुढे जाताना नळीच्या वरच्या भोकातून थोडा गॅस सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे हाणतो. पिस्टन थोडंच अंतर जातो, कॅरियरला धक्का देतो आणि स्वतःच्या स्प्रिंगने जागेवर परततो. कॅरियर मागे सरकताना ब्रीच ब्लॉकचा मागचा भाग वर उचलतो. तोवर तो बॉडीतल्या लॉकिंग शोल्डरला टेकून बसलेला असतो. ब्लॉक सुटला की एक्स्ट्रॅक्टरच्या नखात धरलेली पुंगळी चेंबरबाहेर ओढली जाते आणि इजेक्टरवर आपटून उजवीकडे उडते. दस्त्यात एकात एक बसवलेल्या दोन रिटर्न स्प्रिंगा दबतात आणि उलट्या फिरून सगळा लवाजमा पुढे ढकलतात. वाटेत मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये जातं. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं.

या एका फेरीत कुणी काय सोसलं, ते पाहिलं की अर्धी यादी आपोआप तयार होते. बॉडीने सोसलं, पण ती त्यासाठीच जाडजूड आहे. इजेक्टर बॉडीत घट्ट ठोकलेला, हालचाल नसलेला तुकडा; तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. कॉकिंग हँडलला फेरीत कामच नाही. खरा मार बसतो तो नखाला, पिनच्या टोकाला आणि स्प्रिंगांना. नखाला हिसका, टोकाला ताप, स्प्रिंगांना आकुंचन-प्रसरण. पेटीची सुरुवात तिथून.

एक्स्ट्रॅक्टरवर या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण आहे, ते उगाच नाही. ब्लॉकच्या तोंडाशी उजव्या बाजूला बसणारा हा आकडा, मागे त्याला दाबून धरणारा छोटा प्लंजर आणि त्यामागे स्प्रिंग. तिन्ही मिळून नव्या माणसाच्या तळहातावर ठेवली तर तो विचारतो, "बस, एवढंच?" स्प्रिंग थकली की नख पुंगळीच्या कडेवरून घसरतं. पुंगळी चेंबरमध्ये राहते आणि मागून येणारं जिवंत काडतूस तिच्या बुडावर जाऊन बसतं. रेंजवर हात वर होतो, फायरिंग थांबतं, आणि उस्ताद ओरडतो की स्प्रिंग बदला.

पण बदलण्याआधी ती पुंगळी हातात घेऊन तिची कड उजेडात धरावी. कड कुरतडल्यासारखी किंवा एका बाजूने फाटलेली असेल तर एक्स्ट्रॅक्टरने आपलं काम चोख केलं आहे. त्याने ओढलं, चेंबरने सोडलं नाही. दोष मळक्या किंवा गंजाने खडबडीत झालेल्या चेंबरचा. कड शाबूत आणि नख सरकल्याचा नुसता ओरखडा असेल तर मात्र स्प्रिंगकडे किंवा झिजलेल्या नखाकडे बोट दाखवता येईल. एवढी एक तपासणी केली तर किती तरी चांगल्या स्प्रिंगा कचऱ्यात जाण्यापासून वाचतील. दुसरी तपासणी टेबलावरची : ब्लॉक काढून रिकामी पुंगळी नखाखाली सरकवावी आणि हलकेच हलवून पाहावं. तिने धरून राहायला हवं. लोंबली तर आत काहीतरी ढिलं आहे.

एक्स्ट्रॅक्टर काढण्याचं हत्यार वेगळं मिळतं आणि ते पेटीत असलंच पाहिजे. नसलं की माणूस पेचकसाने झटापट करतो आणि प्लंजर सुटून उडतो. मग सगळी कोत गुडघ्यांवर, हातात टॉर्च. हे काम पांढऱ्या चादरीवर, ब्लॉकवर एक फडकं टाकून करावं, म्हणजे उडालेलं फडक्यातच राहील. एवढं करूनही प्लंजर हरवतो, म्हणून माझ्या हिशेबात एक्स्ट्रॅक्टर एक असेल तर त्याच्या स्प्रिंगा आणि प्लंजर दोन-दोन असावेत. झिजून जातात त्यापेक्षा जास्त ते उडून जातात.

फायरिंग पिनबाबत माझा आग्रह एकच आहे : ती एकटी ठेवू नये. पिन, तिच्याभोवतीची स्प्रिंग आणि तिला ब्लॉकमध्ये अडकवणारी आडवी पिन, अशी तिन्ही एका पुडीत असावीत. टोक खाल्लेली, खरवडलेली किंवा टोकदार झालेली पिन कॅपला भोक पाडू शकते, आणि मग तापलेला गॅस मागे येतो. स्प्रिंगचं काम पिनला मागे धरून ठेवायचं आहे, म्हणजे ब्लॉक धाडकन बंद होताना पिन आपल्या वजनाने पुढे जाऊन कॅपवर टेकणार नाही. तिथे ग्रीस कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. गंज लागू नये हा हेतू चांगला, पण जुनं ग्रीस थंडीत चिकट होतं, त्याला धूळ धरते आणि पिन अडखळते. तिथे जागा स्वच्छ, पुसलेली आणि तेलाचा नुसता हात फिरवलेली असावी.

रिटर्न स्प्रिंगांची परीक्षा सोपी आहे. रायफल रिकामी करून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, नळी आकाशाकडे धरावी. कॉकिंग हँडल मागे ओढून हाताने सावकाश पुढे येऊ द्यावं. शेवटचा बोटभर प्रवास अडखळत झाला, तर आधी दस्त्यातली नळी साफ करावी, आणि मग स्प्रिंगांवर संशय घ्यावा. पिस्टनचंही तसंच. त्याची स्प्रिंग काढून नुसता पिस्टन सिलिंडरमध्ये सोडावा आणि रायफल पुढेमागे कलती करावी. तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे. मग तोच पिस्टन थोडा थोडा फिरवून पुन्हा पाहावं. एखाद्या ठिकाणी अडकला तर पिस्टन वाकलेला आहे. वाकलेला पिस्टन सरळ करत बसू नये.

आता गॅस रेग्युलेटर. हा सुटा भाग म्हणून क्वचितच लागतो, पण बाकीचे सुटे भाग किती लागतील ते हाच ठरवतो. रेग्युलेटर जितका उघडा तितका गॅस बाहेर निसटतो. बंद करत नेला की पिस्टनवरचा मार वाढतो. शहाणपण असं की रायफल जेमतेम नीट चालेल तो बिंदू शोधावा आणि त्याच्या जरासं पुढे थांबावं. प्रत्यक्षात होतं काय, की रायफल अडकू लागली की जवान साफसफाईच्या ऐवजी एक घर बंद करतो. चालते. पुन्हा काजळी धरते, पुन्हा एक घर. शेवटी रेग्युलेटर पार बंद, आणि त्या अवस्थेत कुणीतरी सिलिंडर लख्ख साफ करून ठेवतो. पुढच्या फायरिंगला सगळा गॅस पिस्टनवर, कॅरियर घणासारखा मागे, एक्स्ट्रॅक्टरला पुंगळी पुरती सैल होण्याआधीच हिसका. एखाद्या कोतमध्ये एक्स्ट्रॅक्टर फार तुटत असतील तर मी स्टोअरची वही पाहण्याआधी रेग्युलेटरचे आकडे पाहतो.

मॅगझिन हा सुटा भाग आहे, असं सांगितलं की लोक हसतात. मॅगझिन म्हणजे मॅगझिन, ते पेटीत कसलं? पण स्वतःहून भरणाऱ्या कुठल्याही रायफलीत अडथळ्याचा पहिला संशयित तेच असतं. वीस राऊंडांचा हा पत्र्याचा डबा जीपमधून पडतो, खाटेखाली लाथाडला जातो, त्याच्या कडा जरा आत-बाहेर झाल्या की काडतूस तिरकं चढतं. रायफल एका मॅगझिनने अडकली आणि दुसऱ्याने सुरळीत चालली, तर रायफलीला हातही लावू नये. कडा पकडीने वाकवून दुरुस्त करायचा नाद सोडावा. खात्रीचं एक जादा मॅगझिन हे सगळ्या स्प्रिंगा आणि पिनांच्या आधी पेटीत यावं, असं माझं ठाम मत आहे, आणि पुस्तकाची प्रकरणंही मी त्याच क्रमाने लावली आहेत. भरून ठेवल्याने मॅगझिनची स्प्रिंग मरते, हा समज मात्र निराधार आहे. चांगली स्प्रिंग दबून राहिल्याने फारशी थकत नाही, पुन्हा पुन्हा भरून रिकामी केल्याने थकते. चौकीवर महिनोन् महिने भरून ठेवलेल्या मॅगझिनचा खरा शत्रू आत शिरलेलं पाणी आणि धूळ.

हरवणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी करावी. गॅस प्लग आणि त्याचा प्लंजर, फोरसाइटची टिप, हँडगार्डचा स्क्रू, स्लिंगची कडी, पुलथ्रू. या मोडत नाहीत, गवतात आणि चिखलात जातात. स्वस्त आहेत, जागा खात नाहीत. पण गॅस प्लगशिवाय रायफल बंद आणि टिपशिवाय आंधळी.

इथे एक तंबी. एनसीसीच्या आणि प्रशिक्षण केंद्रांच्या कोतमध्ये डीपी रायफली असतात, म्हणजे कवायतीपुरत्या, गोळी न झाडण्यासाठी मुद्दाम निकामी केलेल्या. त्यांचे भाग दिसायला नवेकोरे असतात, कारण त्यांनी कधी आग पाहिलेलीच नसते किंवा फार पूर्वी पाहिलेली असते. तिथून एखादा तुकडा काढून चालत्या रायफलीला लावायचा मोह सगळ्यांना होतो. ती रायफल डीपी का झाली, कोणता भाग कापला, कोणता तपासणीत नापास झाला, हे त्या तुकड्यावर लिहिलेलं नसतं. तो हात तिथेच थांबवावा.

आता ज्या वस्तू पेटीत असू नयेत त्या. ब्रीच ब्लॉक, लॉकिंग शोल्डर आणि नळी. काडतूस चेंबरमध्ये बसल्यावर त्याच्या मागे किती जागा उरते हे या तिघांच्या जुळणीवर ठरतं. कारखान्यात ते अंतर बसवताना लॉकिंग शोल्डर बारीक फरकाच्या मापांतून निवडून घातला जातो. म्हणूनच ब्लॉकवर रायफलीचा क्रमांक असतो. दोन रायफली एकाच वेळी खोलून साफ केल्या आणि जोडताना ब्लॉक अदलाबदल झाले, तर दोन्ही जुळतील, दोन्हींचं कॉकिंग हँडल पुढे-मागे होईल, आणि कदाचित दोन्ही गोळीही झाडतील. अंतर वाढलेलं असेल तर पुंगळी बुडाजवळ चिरते, आणि त्यानंतर काय होईल ते नशिबावर. 'गो' आणि 'नो-गो' गेज ज्याच्या टेबलावर आहेत आणि ते वापरायचा अधिकार ज्याला आहे, त्यानेच ब्लॉक बदलावा. गेज नसलेल्या चौकीवर जादा ब्लॉक म्हणजे कुणीतरी कधीतरी तो बसवणारच, याची तजवीज. चापाच्या आतली यंत्रणाही वर्कशॉपचीच. तिथली झिजलेली कड कानशीने घासून 'चाप हलका' करणारे कारागीर अजून आहेत, आणि त्यांच्यापासून रायफल लांब ठेवणं हीही एक देखभालच.

किती ठेवायचं याचं एकच उत्तर नसतं, कारण रायफल कुठे उभी आहे यावर ते बदलतं. जिल्हा मुख्यालयात स्टोअर शेजारच्या इमारतीत असतं. तिथे पेटी हलकी असली तरी चालतं. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता पाण्याखाली जातो आणि गावाचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणची पेटी रस्ता बंद राहील तितक्या दिवसांची असावी लागते, आणि तीही पाऊस सुरू व्हायच्या आधी तपासलेली. कोकणातल्या किनाऱ्यावर खारी हवा झिजेआधी गंज देते. तिथे स्प्रिंगा तेलकट कागदात गुंडाळून, झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात ठेवाव्या, नाहीतर गरज पडेल तेव्हा हातात येईल तो तांबूस, खडबडीत तुकडा. विदर्भातल्या उन्हाळ्यात धूळ आणि सुकलेलं तेल. तिथे पेटीत तेल आणि ब्रश जास्त, पिना कमी. लाकडी दस्ता पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, म्हणून त्याचे स्क्रू दोन्ही ऋतूंच्या सुरुवातीला पाहावेत.

साफसफाईचं सामान सुट्या भागांत मोजावं की नाही, यावर पूर्वी वाद व्हायचे. मला व्हिएतनामची गोष्ट पुरेशी वाटते. एम-१६ ही नवी रायफल अमेरिकी सैनिकांच्या हातात पडली तेव्हा तिला फारशी साफ करावी लागत नाही असा बोलबाला होता, आणि साफसफाईचं सामान पुरेसं पोचलंच नव्हतं. त्यात काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही आणि हवा दमट. पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या, जवान अडकलेल्या रायफलींसह मरण पावले, आणि १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीला चौकशी करावी लागली. पुढे चेंबर क्रोमचं झालं, सामान पोचलं, शिकवणी झाली, आणि तीच रायफल सुधारली. अडचण मुख्यतः मोडलेल्या भागांची नव्हतीच. म्हणून या पुस्तकात पुलथ्रू, चेंबरचा ब्रश, चिंधी आणि तेल यांना मी एक्स्ट्रॅक्टरच्या रांगेत बसवलं आहे.

सुटे भाग वेळेवर येत नाहीत, हे मी लिहायला नको. इंडेंट जातो, 'उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परत येतो, आणि मग एका रायफलीतून काढून दुसरीला लावायची रीत सुरू होते. रीत वाईट, पण सगळीकडे आहे, म्हणून तिच्याकडे डोळेझाक करण्यात अर्थ नाही. करायचीच तर कंडम ठरलेल्या एकाच रायफलीतून करावी, प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवावी, आणि ब्रीच ब्लॉक, लॉकिंग शोल्डर आणि नळी यांना हात लावू नये. चालत्या दहा रायफलींतून एकेक तुकडा उसना घेतला, की महिनाभरात दहाही अर्धवट होतात आणि कोणती कशाने अडली ते कुणालाच सांगता येत नाही.

नवा भाग नवा आहे म्हणून चांगला, असंही समजू नये. स्प्रिंगा आणि पिना कधी कधी पहिल्याच काही राऊंडांत तुटतात, कारण दोष त्यांच्या धातूत किंवा पाणी देण्यात असतो. शक्य असेल तेव्हा नवा भाग रेंजवर एक मॅगझिन चालवून पाहावा, काढून, पुसून, तेल लावून, 'चालवलेला' अशी चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा. न चालवलेले भाग वेगळ्या कप्प्यात. रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात पेटी उघडणाऱ्याला तेवढा फरक पुरतो.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी. प्रत्येक प्रकरणात आधी लक्षण, मग तपासणी, मग भाग, असा क्रम आहे. चित्रांत भागांची नावं कोतमध्ये बोलली जातात तशीच दिली आहेत. ब्रीच ब्लॉकला शोधून काढलेला मराठी प्रतिशब्द वाचून कुणी आर्मोरर आपला हात पुढे करणार नाही. इन्सास आणि एके घराण्याच्या रायफली मी मुद्दाम बाहेर ठेवल्या, त्यांची झीज वेगळी आणि यादीही वेगळी. पहिलं प्रकरण मॅगझिनचं आहे. ते उघडण्याआधी कोतमधल्या सगळ्या मॅगझिनांवर रंगाने क्रमांक घालून घ्या आणि वहीत त्यांच्यासाठी एक पान सोडा. पुढच्या प्रकरणांतल्या तपासण्या ते क्रमांक आहेत असं धरूनच लिहिल्या आहेत.